बाटलीत आहे ते लिहीन

पितळेचे नळ चकचकीत करणाऱ्या त्या कारखान्यात तिला सगळे टाकीबाई म्हणत. नाव कुणी ठेवलं ते आठवत नव्हतं, पण ठेवणाऱ्याने चूक केली नव्हती. बावीस वर्षं ती निकेलच्या टाकीशी उभी होती. माणूस आडवा झोपेल एवढी लांब टाकी, तिच्यात हिरवं कोमट पाणी आणि वरून तांब्याचे तीन दांडे. मधल्या दांड्यावर हुकांना नळ लटकवायचे, कडेच्या दोन दांड्यांवर निकेलच्या जाड पट्ट्या. करंट सोडला की पट्टीतलं निकेल पाण्यातून चालत जाऊन नळावर बसतं. करंट जास्त झाला तर नळाच्या कडा जळून काळ्या पडतात, कमी झाला तर नळ आजाऱ्यासारखा फिका निघतो. किती म्हणजे बरोबर, हे काट्यावर दिसायचं, पण काटा बिघडला तर बाईला विचारायचं. आणि काटा वर्षातून निम्मा वेळ बिघडलेलाच असायचा.

निकेलच्या आधी नळ कॉस्टिक सोड्याच्या गरम पाण्यात बुडवतात, म्हणजे त्यांचा तेलकटपणा जातो. मग साध्या पाण्यात धुतात. कॉस्टिक जरा जरी चिकटून राहिलं तर वरचं निकेल पुढे पापुद्र्यासारखं सुटतं आणि गिऱ्हाईक नळ मालकाच्या टेबलावर आणून आदळतं. धुणं पुरेसं झालं का, हे बाई उजव्या हाताचा रबरी मोजा काढून बघायची. नळावरचं पाणी अंगठ्यात आणि बोटात चोळायचं, बुळबुळीत लागलं की परत धुवायचं. सवय चांगली नव्हती, त्या दोन बोटांची कातडी जुन्या पिशवीसारखी झाली होती. पण बावीस वर्षांत तिने सोडलेला नळ परत आला नव्हता.

एक दिवस सुरक्षा कार्यालयाचं पत्र आलं. रसायनांची टाकी ज्याच्या ताब्यात आहे, तो माणूस शाळेची शेवटची परीक्षा विज्ञान घेऊन पास झालेला पाहिजे. त्याचं नाव फॉर्मवर आणि फोटो टाकीजवळच्या भिंतीवर. मुदत वर्षअखेरपर्यंत.

मालकांनी पत्र दोनदा वाचलं, डोकं खाजवलं आणि त्यातून भाचा निघाला.

“बाई, काळजी करू नका,” मालक म्हणाले. “आमचा भाचा पास आहे. नाव त्याचं लावू, फोटो त्याचा लावू. काम तुमचं तुम्ही करा. तुमच्यात काहीच बदलत नाही.”

“म्हणजे कागदावर तो आणि टाकीवर मी?”

“अगदी बरोबर.”

“आणि टाकीत काही बिघडलं तर बोलणी कुणी खायची?”

मालक हसले. उत्तर हसण्यातच आलं. माणूस वाईट नव्हता, पण आपलं काम भागलं की जगाचं भागलं असं समजणाऱ्यांपैकी होता. बाईने मोजे काढून टाकीच्या कडेला ठेवले आणि म्हणाली, “टाकीवर मी असेन, तर कागदावरही मीच असणार. परीक्षा देते मी.”

“तुम्ही? शाळा सोडून किती वर्षं झाली?”

“तीस.”

“मग?”

“मग काय? टाकी काही मला वय विचारत नाही.”

बोलून तर गेली, पण संध्याकाळी घरी जाताना तिला जुना आकडा आठवला. सोळाव्या वर्षी ती याच परीक्षेत विज्ञानात नापास झाली होती. शंभरात सत्तावीस. सहा दिवसांनी वडिलांनी तिला बटणांच्या कारखान्यात बसवलं आणि पुस्तकं शेजारच्या मुलीला देऊन टाकली. सत्तावीस हा आकडा तीस वर्षं तिच्या मनात ठसठसत राहिला होता. बसचं तिकीट त्या नंबरचं आलं तरी ती चुरगाळून टाकायची. बाई घाबरली होती हे सांगायलाच हवं, नाहीतर पुढचा तिचा ताठा फुकटचा वाटेल.

घरी नवरा होता, बसचा ड्रायव्हर. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, “बरं झालं. इतकी वर्षं मी एकटाच तुझ्या परीक्षेला बसत होतो.” पण दुसऱ्या दिवसापासून सकाळचा चहा आणि डबे त्याने आपल्याकडे घेतले. डबे बेचव व्हायचे, पण वेळेवर व्हायचे. बाईने बाहेरून बसायचा फॉर्म भरला, जुनी पुस्तकं मिळवली आणि सकाळी साडेपाचला स्वयंपाकघराच्या टेबलावर रसायनशास्त्र मांडलं.

मूलद्रव्यांची चिन्हं तिने आरशावर चिकटवली. नवऱ्याला दाढी करताना सोडियम आणि पोटॅशियमच्या मधून तोंड बघावं लागे. संयुजा पाठ होईनात. कुणाचे किती हात, कोण कुणाचा हात धरतो, सगळा गोंधळ. तेव्हा मदतीला आल्या सासूबाई. त्यांना अक्षरओळख नव्हती, पण कान शाबूत होते. सून रोज मोठ्याने घोकायची आणि त्या कोपऱ्यातल्या खुर्चीवर शेंगा सोलत ऐकायच्या. आठ दिवसांत यादी सुनेच्या आधी सासूबाईंची पाठ झाली.

“ॲल्युमिनियम?” सासूबाईंनी विचारलं.

“दोन.”

“तीन गं! काल तूच सांगितलंस ना! आपलं पातेलं ॲल्युमिनियमचं म्हणून मी लक्षात ठेवलं. तुझं लक्ष असतं कुठे?”

“आई, तुम्हीच बसा परीक्षेला.”

“बसले असते. लिहिता येत नाही म्हणून तू वाचलीस.”

समीकरणं मात्र सासूबाईंच्याही हाताबाहेरची होती. डावीकडे मॅग्नेशियम आणि ऑक्सिजन, उजवीकडे मॅग्नेशियम ऑक्साइड, आणि मध्ये बाण. दोन्ही बाजू सारख्या करा, असं पुस्तक म्हणायचं. का करायच्या, ते म्हणायचं नाही. सोळाव्या वर्षी ती इथेच बुडाली होती. शिक्षकांना विचारलं तेव्हा ते म्हणाले होते, “तुला कळून काय करायचंय?” आणि वर्ग हसला होता. पुस्तकासमोर बसलेल्या शेहेचाळीस वर्षांच्या बाईला ते हसणं परत ऐकू आलं आणि तिने पुस्तक मिटून टाकलं.

उत्तर तिला टाकीवर सापडलं. त्या दिवशी तिने हुकांवर वीस नळ चढवले आणि उतरवताना अठराच भरले. तिने लांब चिमटा टाकीच्या तळाशी घातला आणि दोन नळ वर काढले. चढले तेवढेच उतरले पाहिजेत, कमी भरले तर ते कुठेतरी आहेत, हवेत जात नाहीत. चिमटा हातात तसाच राहिला. ऑक्सिजनचे दोन अणू चढले आणि एकच उतरला, तर दुसरा कुठे पडलाय? मग उजवीकडे ऑक्साइड दोनदा घ्या. मग मॅग्नेशियम डावीकडे दोनदा घ्या. एवढंच? एवढ्यासाठी तीस वर्षं? बाईला आनंद झाला, पण त्याहून जास्त राग आला. हे दोन वाक्यांत सांगता आलं असतं आणि कुणी सांगितलं नाही. मालक बघत असताना तिने चिमटा टाकीच्या कडेवर असा आपटला की ते दचकून बाजूला झाले.

पुस्तकात एका पानावर तिचा आख्खा धंदा होता, विद्युतविलेपन. मुलामा द्यायची वस्तू ऋणाग्राला, मुलाम्याचा धातू धनाग्राला, बाकी सहा ओळींत सगळं उरकलेलं. जळलेल्या कडांबद्दल एक शब्द नाही. “लिहिणाऱ्याने एकही नळ बुडवलेला नाही,” ती सासूबाईंना म्हणाली. त्या सहा ओळी मात्र तिने एकदाच वाचल्या.

भाचा अधूनमधून कारखान्यात यायचा. आयत्या बिळावरचा नागोबा खरा, पण विषारी नव्हता. टाकीच्या वासाने त्याचं डोकं दुखायचं, म्हणून दारातूनच बोलायचा.

“मावशी, निकेलचं चिन्ह एन के ना?”

“एन आय.”

“असं होय? मग मी पास कसा झालो?”

“ते तुझ्या मामाला विचार. नाव त्यांनी सुचवलंय.”

लेखी पेपर बरा गेला. दोन प्रश्न हुकले, पण समीकरणं पाचही सुटली. आता प्रात्यक्षिक उरलं होतं आणि त्यात वेगळं पास व्हावं लागायचं. वीसात सात. लेखीत शंभर टक्के पडले तरी इथे सहा मिळाले की सगळं पाण्यात, आणि पुढची परीक्षा मुदत संपल्यावर. वीसातले दहा मार्क होते द्रावण ओळखण्याला. तीन बिनचिठ्ठीच्या बाटल्या, लिटमसचे कागद घ्यायचे आणि आम्ल, आम्लारी की उदासीन ते लिहायचं. निळा कागद लाल झाला तर आम्ल, लाल कागद निळा झाला तर आम्लारी, म्हणजे कॉस्टिकच्या जातीचं, दोन्ही तसेच राहिले तर उदासीन. सासूबाईंनी झोपेतून उठून सांगितलं असतं.

प्रयोगशाळा एका जुन्या शाळेच्या वरच्या मजल्यावर होती. लांब काळे ओटे, प्रत्येकावर पितळेचा नळ. बाईने सवयीने आधी नळच बघितला. मुलामा कडेला सुटला होता. “नीट धुतला नव्हता,” ती मनाशी म्हणाली. दुपारच्या तुकडीत बाहेरून बसलेले वीसजण होते, बहुतेक तिच्या निम्म्या वयाचे. परीक्षक चष्मेवाले, चेहऱ्यावर कंटाळा. खिडकीत ठेवलेल्या डबीतून त्यांनी सगळ्यांना लिटमसचे कागद वाटले.

पहिल्या बाटलीत तिचा निळा कागद लाल झाला, जेमतेम. दुसरीत काहीच झालं नाही. तिसरीतही काहीच झालं नाही. शेजारच्या ओट्यावरची मुलगी भराभर लिहीत होती, आम्ल, उदासीन, उदासीन. बाईने तिसरी बाटली पुन्हा उचलली. बाटलीच्या तोंडाशी एक थेंब ओघळला होता. तिचा अंगठा आणि बोट त्यावर गेलं, चोळलं, आणि बावीस वर्षांनी मेंदूला न विचारता निकाल दिला. बुळबुळीत. अजून धुवायला हवं.

“बाई!” परीक्षक मागेच उभे होते. “हात लावलात?”

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. सगळा वर्ग वळून बघत होता.

“लावला,” बाई म्हणाली.

“रसायनाला हात लावायचा नाही, हा पहिला नियम आहे. फळ्यावर लिहिलाय. आधी तो हात धुवा.”

तिने हात धुतला, बराच वेळ धुतला. परीक्षकांनी तोवर तिचा कागद उचलून वाचला. तिसऱ्या बाटलीपुढे जागा कोरी होती.

“या प्रयोगाचे दहाच्या दहा मार्क कापायचा मला अधिकार आहे,” ते म्हणाले. मग तिच्या पांढऱ्या केसांकडे बघून त्यांचा आवाज जरा उतरला. “जाऊ दे. घाबरला असाल. इथे उदासीन लिहा आणि पुढचा प्रयोग घ्या. मी काही बघितलं नाही.”

सोपं होतं. एक शब्द लिहायचा होता. मार्क मिळत होते, फॉर्म मिळत होता, भिंतीवरचा फोटो मिळत होता. बाईने पेन उचललं आणि परत खाली ठेवलं.

“सर, मी हात लावला हे चूकच. त्याचे मार्क कापा. पण ही आम्लारी आहे.”

“लिटमस काय म्हणतोय?”

“लिटमस काहीच म्हणत नाहीये, सर. तो मेलाय. डबी उन्हात खिडकीत आहे, कागदांचा रंग बघा किती उडालाय.”

“एकोणीस जणांना उदासीन आलंय.”

“एकोणीस जणांचे कागद एकाच डबीतले आहेत.”

कुणीतरी हसलं. परीक्षकांचा कंटाळा गेला आणि त्याजागी राग आला. “बाई, परीक्षा तुमची आहे की माझी? तुम्ही दिसेल ते लिहायचं. उदासीन लिहा, नाहीतर मी शून्य लिहितो.”

तीस वर्षांपूर्वीचा तो वर्ग आणि हा वर्ग तिच्या डोक्यात एक झाले. तेव्हा ती खाली बसली होती. आता ती उभीच राहिली. “शून्य लिहायचं तर लिहा,” ती म्हणाली. “मी बाटलीत आहे ते लिहीन.” आणि तिने तिसऱ्या ओळीत लिहिलं, आम्लारी. दोनदा अधोरेखित केलं. “तुमच्या कपाटात फिनॉल्फ्थॅलिन आहे, मघाशी बघितलं मी. आम्लारीत ते गुलाबी होतं, पान एकशे चार. तीन थेंब टाका, सर. गुलाबी नाही झालं तर मी आत्ता जिना उतरते.”

परीक्षक हलले नाहीत. गुलाबी झालं तर काय होईल ते त्यांना बाईच्या आधी कळलं होतं. सकाळच्या तुकडीलाही याच डबीतले कागद दिले होते. पण एकोणीस जोडी डोळे आता कपाटाकडे बघत होते. त्यांनी बाटली काढली, तिसऱ्या बाटलीतलं थोडं द्रावण परीक्षानळीत घेतलं आणि थेंब टाकले.

पहिल्याच थेंबाला पाणी भडक गुलाबी झालं. बाकीचे दोन टाकायची गरज उरली नाही.

“ठीक आहे,” परीक्षक हळूच म्हणाले. “तुमचं उत्तर बरोबर धरतो. बसा.”

“आणि यांचं?”

“यांचं काय?”

“यांनी दिसलं ते लिहिलं. दिसायला दिलंत ते खोटं होतं. यांना नवे कागद द्या. सकाळच्यांनाही परत बोलवा.”

“बाई, तुमचा निकाल अजून माझ्या हातात आहे.”

“माहीत आहे,” बाई म्हणाली. “म्हणून तर तुम्हाला सांगतेय. दुसऱ्याच्या हातात असता तर त्याला सांगितलं असतं.”

एवढं झाल्यावर शेजारची मुलगी उठून उभी राहिली. मग मागचा एक दाढीवाला उठला, मग सगळे. परीक्षकांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. आतल्या खोलीतून काळ्या कागदात गुंडाळलेली नवी डबी आली आणि सगळ्यांनी प्रयोग पहिल्यापासून केला. बाईने पण केला. या वेळी उजवा हात पाठीमागे बांधून.

हात लावल्याचे पाच मार्क परीक्षकांनी कापले. “नियम आहे,” ते म्हणाले. “कापा,” बाई म्हणाली. त्यात तिला अन्याय वाटला नाही. कॉस्टिकने कातडी गेलेली माणसं तिने बघितली होती. बोटांची ती सवय त्या दिवसापासून तिने मोडायला घेतली. मोडायला अडीच महिने लागले.

निकाल लागला तेव्हा प्रात्यक्षिकात बारा होते आणि लेखीत ऐंशीपैकी बेचाळीस. सासूबाईंनी “बेचाळीसच?” म्हणून नाक मुरडलं आणि मग डोळ्यांना पदर लावला. आरशावरचा कागद काढू का, एवढंच नवऱ्याने विचारलं. राहू दे, ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी प्रमाणपत्र घेऊन ती मालकांसमोर उभी राहिली. मालक मनापासून खूश झाले. “वा, बाई! कमाल केलीत!” म्हणाले, आणि मग नजर टेबलाकडे वळवली. टेबलावर फॉर्म तयार होता. टाईप केलेला, भाच्याच्या नावाचा, भाच्याच्या फोटोसकट.

“मला वाटलं नव्हतं तुम्ही खरंच...” मालक म्हणाले. “आता या वर्षी हा जाऊ दे. पुढच्या वर्षी बदलू. एवढं काय आहे त्या नावात?”

“काहीच नसेल, तर माझं घालायला तुमचं काय जातं?”

बाईने पिशवीतून दुसरा फॉर्म काढला. तिने तो सुरक्षा कार्यालयातून आणून घरीच भरला होता, हाताने, ठळक अक्षरांत. फोटो चिकटवलेला होता. मालकांच्या सहीची जागा तेवढी मोकळी होती.

“पुढच्या वर्षी नक्की,” मालक पुन्हा म्हणाले.

तिने रबरी मोजे काढले, ॲप्रन काढला, घडी घालून भाच्याच्या फॉर्मवर ठेवला. “मग तोवर टाकी त्या कागदाला चालवू दे,” ती म्हणाली. “मी घरी जाते.”

“मामा, सही करा हो,” दारातून भाचा म्हणाला. त्याने नाकाला रुमाल लावला होता. “मला तर निकेलचं चिन्हसुद्धा येत नाही.”

मालकांनी पेन शोधलं, नको तितका वेळ शोधलं, आणि सही केली. बाईने शाई वाळेपर्यंत कागद हातात धरला. फॉर्म कुणाबरोबर पाठवू म्हणून मालक विचारत होते, तोवर तिने टाकीचा करंट बंद केला, नळ वर उचलून ठेवले आणि चालत सुरक्षा कार्यालयात गेली. कागद खिडकीत देऊन, शिक्का मारून घेऊन परत आली. तेवढा वेळ, चांगला दीड तास, टाकी बंद होती, आणि ती बंद ठेवायला तिने कुणाला विचारलं नाही.